खतावणी

कागद तसा साधाच. वर लॅबचा पत्ता, राजारामपुरी तेरावी गल्ली,
खाली माझं नाव, शालनचं शालान झालेलं,
त्याखाली दोन ओळी, दोन आकडे
आणि रात्रीची झोप उडवायला पुरेसे दोन शब्द:
आयजीएम निगेटिव्ह. आयजीजी पॉझिटिव्ह.

आहे आणि नाही एकाच कागदावर?
बावीस वर्षं मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिते.
जमा आणि नावे जुळल्याशिवाय
एकदाही दिवा मालवून घरी गेलेली नाही.

चार आठवडे खोकला. कोरडा, हट्टी,
सौदा रंगात आला की नेमका बोलीच्या मध्ये येणारा.
बंडू हमाल म्हणाला, 'बाई, गुळाचा खडा धरा दाढेत.'
असे किती खडे गेले त्याची कुठे नोंद नाही.
गोळ्या पाच दिवस घेतल्या, फरक शून्य.
डॉक्टर मिणचेकर म्हणाले, 'मायकोप्लाझ्मा असला
तर त्या जंतूला बाहेरची भिंतच नसते.
ही गोळी भिंत पाडणारी. पाडणार काय?'
मग रक्त. लॅबमधली सुरय्या म्हणाली, 'टोचतो हं,'
आणि मी डोळे मिटायच्या आत, 'झालं की.'

डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर दोन रेघा ओढल्या.
एक लवकर चढते आणि उतरते, उतरायला कधी महिने लावते.
दुसरी उशिरा चढते आणि वरच राहते,
वर्षानुवर्षं.
मी म्हटलं, 'म्हणजे रोजमेळ आणि खतावणी.'
पेन तसंच हातात धरून ते बघत राहिले.
'फक्त ह्या खतावणीत,' म्हणाले, 'तारीख लिहीत नाहीत.
आणि रोजमेळ कोरा दिसला म्हणून हुरळू नका,
मोठ्या माणसात तो कधी कधी कोराच राहतो.
एका आकड्यावर काही ठरत नाही.
तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या.
चौपट झाला तर आत्ताचा. तेवढाच राहिला तर जुना.'

जुना म्हणजे केव्हाचा?
तीन आठवडे मी माझीच पानं उलटत बसले.
पोराची गोवर, माझं बाळंतपण, एकदा कावीळ,
सगळ्याच्या पावत्या होत्या.

मग भांडी घासताना आठवली ती थंडी.
सुकुमार 'महिन्याभरात येतो' म्हणून इचलकरंजीला गेले
आणि महिन्यांचे महिने झाले.
राजोपाध्येनगरातली भाड्याची खोली,
मी उशीत तोंड खुपसून खोकत होते,
भिंतीपलीकडं घरमालकिणीला ऐकू जाऊ नये म्हणून.
दिवसा कुणी विचारलं तर म्हणायचे, धूळ.
डॉक्टर नाही, गोळी नाही.
ते परत आले तेव्हा त्यांनाही सांगितलं नाही.
पुढं मीही विसरले,
निदान विसरल्याची सही केली.

आत मात्र कुणी दिवाणजी बसून होता.
त्यानं न विचारता नोंद घेतली, शाई वाळवली,
वही इतकी वर्षं वाळवीपासून सांभाळली.
ती थंडीच असेल. नसेलही.
तारीख नाही ना.

परवा दुसरा कागद आला. नाव पुन्हा चुकलेलं, ह्या वेळी वेगळं.
आकडा तेवढाच, थोडा इकडंतिकडं.
'हा खोकला त्याचा नाही,' मिणचेकर म्हणाले,
'आता दुसरीकडं बघू. छातीचा फोटो काढा.'
म्हणजे मी आजारी आहेच,
कशानं ते अजून कळायचंय.

तरी रिक्षा न करता यार्डापर्यंत चालत आले.
रवे मांडून झाले होते, माश्या हलवत पोरं बसलेली.
भूपालशेठनी चष्म्यावरून पाहिलं. 'काय म्हणतोय रिपोर्ट?'
'काही नाही. मागील बाकी निघाली.'
'येणं का देणं?'

मी खोकले.
मग वही उघडली.